सगळ्यांनी आमेन म्हटलं

“पाळकसाहेब, समजा उद्या सकाळी आपण सगळेच्या सगळे ढगांत उचलले गेलो, तर कोळेगावात कोणाला पत्ता तरी लागेल का?”

रविवारची उपासना नुकतीच संपली होती आणि मी भर मंडळीत तिसऱ्या बाकावरून उठून उभी राहिले होते. प्रभू परत येईल तेव्हा त्याची माणसं ढगांत उचलली जातील, असं आम्हाला संडेस्कूलात शिकवलेलं. तोंड माझं, पण डोकं ग्लोरीचं. ग्लोरी साळवे म्हणजे आमच्या संडेस्कूलची पुढारी. नवे पाळकसाहेब ‘कोणाला काही प्रश्न?’ म्हणाले की कोणीतरी हे विचारायचंच, असं आम्ही पोरांनी चिंचेखाली बसून ठरवलं होतं. ठरवलं सगळ्यांनी आणि ढकललं मला. “शारोन, कप मिळालाय ना तुला? मग दाखव की हिंमत!”

कप मला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मिळाला होता. त्याआधी मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. कप आला आणि माझा आवाज घरात मावेनासा झाला. मम्मी म्हणायची, “अगं, मी तुझ्या शेजारी उभी आहे, पलीकडच्या आळीत नाही.” मी तेव्हा सातवीत होते. आता दहावीत आहे.

तर मी विचारलं. आणि सगळं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, हसलं. पप्पा मंडळीचे सेक्रेटरी, म्हणून पुढे टेबलाशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे ‘घरी चल, मग बघतो’ अशा नजरेनं पाहिलं. पहिल्या बाकावरचे शांतवन आजोबा मागे न वळताच म्हणाले, “एकदा वर गेल्यावर खाली कोणाला काय वाटतं याच्याशी आपल्याला काय करायचंय, पोरी?”

आणखी हशा.

“थांबा, थांबा, हसू नका!” पाळकसाहेब आनंदानं जवळजवळ उडी मारत म्हणाले. “मी सकाळपासून हेच कसं विचारावं या विचारात होतो.”

उजागरे पाळकसाहेब जूनमध्ये पुण्याहून आले होते. तरुण, बारीक, सतत काहीतरी सुचत असलेले. त्या दिवशी त्यांनी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवून घेतलं होतं आणि पोह्यांचं आमिष दाखवलं होतं. फळ्यावर मोठा पांढरा कागद चिकटवला होता. त्यावर ‘आपली बलस्थाने’ असं लिहिलं होतं आणि खाली सगळं कोरं. आमची मंडळी लहान. शिकलेली मुलं पुण्याला, पिंपरीला गेलेली. मागे राहिलेले आजीआजोबा, आम्ही पोरं आणि इथेच नोकरी असलेले माझ्या मम्मीपप्पांसारखे काही. एवढ्या मंडळीला काय काय येतं ते आधी शोधायचं आणि त्यावरून पुढची वर्षं गावासाठी काय सेवा करायची ते ठरवायचं, असा पाळकसाहेबांचा बेत होता.

“तर शारोनच्या प्रश्नाचं उत्तर कोण देतं?” त्यांनी विचारलं.

मग अगदी मागून आवाज आला, “पत्ता लागेल की! माझ्या सात पोरींना लागेल. सकाळी उठून बघतील तर चूल थंड.”

सलोमीबाई. आमच्या बोर्डिंगच्या मेट्रन. सगळे पुन्हा हसले, त्या मात्र हसल्या नाहीत. बाकाला धरून उठल्या. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला नेहमीच वेळ लागायचा.

“पण पाळकसाहेब, ढगांची वाट कशाला बघायची? मी दिवाळीला चाललेच. मुलगा न्यायला येतोय. मला आता जिना चढवत नाही, रात्री पोरगी तापली तर उठवत नाही. सांगायचं राहून जात होतं, आज विषय निघाला म्हणून सांगितलं.”

आणि त्या खाली बसल्या.

आता कोणी हसलं नाही.

बोर्डिंग म्हणजे देवळाच्या मागची दुमजली दगडी इमारत. कोणे एके काळी तिथे साठ-सत्तर मुली राहायच्या म्हणे. माझ्या वेळेला सात उरल्या होत्या. सगळ्या ऊसतोड करणाऱ्यांच्या. आईवडील दिवाळीच्या तोंडावर कोयते घेऊन कारखान्यावर जाणार ते उन्हाळा लागल्यावर परत येणार. तेवढे महिने मुलगी शाळेत टिकवायची तर ती राहणार कुठे? तर आमच्या बोर्डिंगात, जूनमध्ये शाळा उघडल्यापासूनच. मुली आमच्या मंडळीतल्या नव्हत्या. त्यांना देवळात या असं कोणी म्हणतही नव्हतं, पण गाणी आवडायची म्हणून त्या शेवटच्या दोन बाकांवर येऊन बसायच्या.

त्यांतली संजीवनी खेडकर माझ्या वर्गात होती, माझ्याच बाकावर. कबड्डीत तिनं पाय धरला की सुटका नाही. नकला तर अशा करायची की शांतवन आजोबांची प्रार्थना तिच्या तोंडून ऐकताना आम्ही पोट धरून बसायचो. “हे दयाळू, कृपाळू, मायाळू, कनवाळू...” असं म्हणत ती एक डोळा उघडून बघायची, पोहे आले का ते. मला ‘शाऱ्या’ म्हणायची. शारोन हे नाव तिला उगाचच महाग वाटायचं.

मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. ती सलोमीबाईंकडे बघत होती.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. “ठीक आहे. म्हणजे काम समोरच आहे. आता बघू आपल्याकडे काय आहे.” आणि त्यांनी रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकानं मंडळीचं एक बळ लिहायचं.

चिठ्ठ्या त्यांनी मोठ्यानं वाचल्या. “गायन. गायन. इमारत. गायन. एकोपा. गोड पाण्याची विहीर. सुरेल गायन. प्रार्थना. गायन, कंसात चार आवाजांत.” कंसवाली चिठ्ठी शांतवन आजोबांची. ते पन्नास वर्षं गायनमास्तर होते.

“छान!” पाळकसाहेब म्हणाले. “आता बोर्डिंगसाठी कोण काय करू शकेल?”

आणि मग खरोखर बघण्यासारखं झालं. माणसं उठून उभी राहायला लागली! साळवेकाका म्हणाले, भिंतींना रंग मी देतो. पारखे आजी म्हणाल्या, वर्षाची बाजरी माझ्याकडून, आणि निवडून. पप्पा वायरमन आहेत. ते म्हणाले, सगळं वायरिंग बदलतो, वरच्या मजल्यावर दोन पंखे बसवतो. मम्मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, दर महिन्याला मुलींची तपासणी मी करीन. आजोबा म्हणाले, गाणं मी शिकवीन. पाळकसाहेब लिहिता लिहिता दमले. कागद भरला. माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू. वाटलं, एका प्रश्नानं मी सगळी मंडळी हलवली! ग्लोरीनं मला कोपरानं ढोसलं, “पुढच्या वेळी कठीण विचारू.”

मग पाळकसाहेबांनी विचारलं, “आणि मुलींजवळ राहायला कोण?”

उभे असलेले एकेक करून खाली बसले.

“दिवसभराचं आपण वाटून घेऊ. पण रात्री झोपायला, पहाटे उठवायला, एक बाईमाणूस हवंच ना?”

साळवेकाकू म्हणाल्या, सासूबाई अंथरुणावर आहेत. खरंच होत्या. पारखे आजींना दिसायचं कमी. मम्मीची नाइट ड्यूटी. पाळकीणबाईंचं बाळ महिन्याचं. पगारी बाई ठेवू, कोणीतरी म्हणालं. मागच्या वर्षी सलोमीबाईंच्या मदतीला ठेवली होती की, आठवड्यात गेली, दुसऱ्या कोणीतरी आठवण दिली. कोणीही खोटं बोलत नव्हतं. मला ते फार विचित्र वाटलं. कोणी खोटं बोलत असतं तर निदान रागावता आलं असतं.

इथे आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. आम्ही कधीच हात वर करून मतं घेत नाही. माझ्या जन्माआधी एकदा घेतली होती, देवळात पेटी ठेवायची की कीबोर्ड आणायचा यावर. त्यावरून मंडळीची दोन शकलं झाली आणि अर्धी मंडळी दोन वर्षं शाळेच्या व्हरांड्यात वेगळी उपासना करत होती. आजही पेटीच वाजते, पण आमच्या शेजारच्या दोन घरांत अजून जाणंयेणं नाही. तेव्हापासून आमच्याकडे विषय निघतो, बोलणं होतं, मग कोणीतरी वडीलधारा प्रार्थनेत तो विषय देवापुढे मांडतो. सगळे आमेन म्हणतात आणि ठरतं. एकदा आमेन झालं की मागे जायचं नाही. देवाला सांगून झालेलं असतं ना.

नव्या पाळकसाहेबांना ही रीत कोणी सांगितली नव्हती.

म्हणूनच ते अगदी सहज म्हणाले, “आपण थोडा वेळ प्रार्थनेत जाऊ. शांतवन आजोबा, आपण चालवाल?”

आजोबा उठले. आम्ही डोळे मिटले. मी मिटायच्या आधी पाहिलं, तर मागे संजीवनी तोंड दाबून हसत होती. आता कनवाळूपर्यंत यायला किती वेळ लागेल, ते ती मोजणार.

पण त्या दिवशी आजोबांनी ती सुरुवात केलीच नाही. ते हळू बोलले. बोर्डिंगचा पहिला दगड बैलगाडीतून आला तेव्हा त्यांचे वडील गाडीबरोबर चालत होते, ते त्यांनी देवाला सांगितलं. दुष्काळात मुलींना एकवेळच कण्या मिळायच्या आणि तरी त्या गात झोपायच्या, ते सांगितलं. त्यांची स्वतःची बहीण तिथेच शिकली, ते सांगितलं. तिचं नाव घेताना ते थांबले. कोणीतरी नाक ओढलं. आजोबा किती सुंदर बोलू शकतात, ते मला त्या दिवशी कळलं. मी पुरती वाहून गेले.

“...प्रभू, हे काम तू आमच्या पूर्वजांच्या हाती दिलंस, आणि आता आमचे हात थकलेले पाहून ते तू आमच्याकडून परत घेतो आहेस. तुझ्या दासीला, सलोमीला, विसावा दे. या सात लेकरांना त्यांच्या आईबापांच्या कुशीत सुखरूप पोचव. जे आम्ही करू शकलो त्याबद्दल तुझे आभार. तुझ्या नावाने मागतो.”

“आमेन!”

सगळं देऊळ म्हणालं. एका दमात. मीही म्हणाले. प्रार्थना संपली की आमेन आपोआपच येतं, जिना उतरताना पाय पुढच्या पायरीवर पडतो तसं. आणि माझ्या तोंडून ते निघत असतानाच मागच्या बाकांवरून सात आवाज आले. त्यांत संजीवनीचा सगळ्यात मोठा. ती नेहमीच आमेन जोरात म्हणायची.

डोळे उघडले. कोणी कोणाकडे बघेना.

पप्पांनी पेन उचललं होतं. “पाळकसाहेब,” ते हळूच म्हणाले, “लिहू ना? बोर्डिंग दिवाळीपासून बंद, सर्वानुमते.”

“बंद? बंद कुठे? मी तर मार्गदर्शनासाठी प्रार्थना करायला सांगितलं!”

“मग झालं की मार्गदर्शन,” कोणीतरी म्हणालं.

“आजोबा, तुम्हाला तसं म्हणायचं होतं का?” पाळकसाहेबांनी विचारलं.

आजोबा काठी शोधत होते. “मला कुठं काय म्हणायचं असतं, साहेब? डोळे मिटल्यावर येतं तसं बोलतो.”

तेवढ्यात पोहे आले.

पोहे घेऊन मी मागे गेले. संजीवनीनं माझ्या बशीतले शेंगदाणे नेहमीप्रमाणे वेचून घेतले. “शाऱ्या,” ती म्हणाली, “पोचव म्हणाले ना ते आमाला? कुशीत? आमची आई पहाटं चारला फडात असती. कुशीत कवा घेनार?” आणि ती हसली. मला हसता आलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी नुसती पळत होते. आधी आजोबांकडे गेले. ते ओट्यावर पेटीचा भाता दुरुस्त करत बसले होते.

“सलाम, आजोबा. तुम्ही चुकून बोललात ना?”

“सलाम, बाळ. चुकलो असेन.”

“मग तसं सांगा ना मंडळीला!”

“घरी आल्यावर माझ्या घशाखाली घास उतरला नाही,” ते म्हणाले. “पण मी एकटा बोललो होतो गं. आमेन सगळ्यांनी म्हटलं. एक जरी माणूस गप्प राहिलं असतं...”

“एक माणूस गप्प राहिलं तर ऐकू येतं का पण?”

आजोबांनी पेटी बाजूला सारली. गायनमास्तर होते, त्यांना कानाचं कळत होतं. “नाही,” ते म्हणाले. “एवढ्यांत नाही ऐकू यायचं.”

मग पाळकसाहेबांकडे. ते बाळाला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारत होते. म्हणाले, “शारोन, हवं तर मी उद्याच पुन्हा सभा बोलावतो. आमेनचं मी बघून घेईन. पण त्या सभेत मी पुन्हा तोच प्रश्न विचारणार. राहायला कोण? तुझ्याकडे कोणी आहे?”

माझ्याकडे कोणी नव्हतं.

“मी राहते!” मी म्हणाले.

“तू तेरा वर्षांची आहेस, बेटा.” ते हसले नाहीत, हे मला अजून आवडतं.

घरी पप्पांना म्हणाले, तुम्ही लिहिलेलं खोडा. पप्पा म्हणाले, “खोडल्यानं सलोमीबाईंचे गुडघे बरे होणार आहेत का?” मम्मी डबा भरत होती. ती म्हणाली, “मला पण वाईट वाटतं गं. दवाखान्यात रोज असंच असतं. वाईट वाटतं आणि हातात काही नसतं.” ती ड्यूटीवर निघून गेली. कप शोकेसमध्ये होता. मला तो उचलून आपटावासा वाटला, पण मी फक्त त्याचं तोंड भिंतीकडे केलं.

शाळेत संजीवनी तशीच होती. खेळत होती, नकला करत होती. एकदा फक्त तिनं कंपासपेटी माझ्याकडे सरकवली. “राहू दे तुझ्याकडं. कोप्यावर, त्या पाचटाच्या खोपटात, कशाला पायजे?”

“तू परत येशील ना? उन्हाळ्यात?”

“परीक्षा झाल्यावर?” ती म्हणाली. “माजे पेपर काय तू लिहिनार?”

मी पेटी परत तिच्याकडे सरकवली. तिनं परत माझ्याकडे. तास संपेपर्यंत तेच चाललं. शेवटी सरांनी दोघींना उभं केलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी निरोपाची उपासना झाली. आमच्या मंडळीनं तेव्हा काय गायलं! चार आवाजांत, पेटी, ढोलकी. रस्त्यावरून जाणारी माणसं फाटकाशी थांबली. सलोमीबाईंना साडी दिली. प्रत्येक मुलीला नवीन ब्लँकेट, फराळाचा डबा आणि बाजरीची पिशवी. पारखे आजींनी दिसत नसतानाही बाजरी खरंच निवडली होती. पप्पांनी तर आदल्या दिवशी वरच्या मजल्यावर दोन पंखे बसवलेसुद्धा होते. “कबूल केलं होतं ना,” ते म्हणाले. बंद होणाऱ्या इमारतीत ते पंखे गरागरा फिरत होते आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग एकेकीचे वडील, मामा, चुलते यायला लागले. ब्लँकेट डोक्यावर, डबा हातात, एकेक मुलगी फाटकाबाहेर गेली. दुपारपर्यंत सहा गेल्या. संजीवनीचे वडील काही आले नाहीत. मुकादमाच्या ट्रकवर सामान चढवायला थांबले होते, उद्या सकाळी येतो असा त्यांचा फोन आला.

सलोमीबाईंचा मुलगा गाडी सुरू करून बसला होता. सलोमीबाई गाडीत बसेनात. “एका पोरीला ठेवून मी कशी जाऊ?”

“अहो, त्यात काय!” साळवेकाकू म्हणाल्या. “एका रात्रीचा तर प्रश्न. आमच्याकडे येईल.”

“तुमच्याकडे आजी आजारी. आमच्याकडे येऊ दे,” पाळकीणबाई म्हणाल्या. “बाळाशी खेळेल.”

“मी एकटीच तर असते,” पारखे आजी म्हणाल्या. “मला सोबत होईल. मी पुरणपोळी करते.”

“आजी, तुम्हाला दिसत नाही, पोळी करपवाल!”

“तुझ्यापेक्षा बरी करते.”

शांतवन आजोबासुद्धा म्हणाले, आमच्या घरी सून आहे, नातवंडं आहेत, पोर रमेल. अंगणात भांडणच लागलं, गोड भांडण. संजीवनी मधे उभी. ब्लँकेट काखेत. ती एकेका तोंडाकडे बघत होती. तिचा चेहरा जसा झाला होता, तसा मी कधीच पाहिला नव्हता. नक्कल करता न येणारा.

शेवटी मम्मी म्हणाली, “शारोनच्या वर्गातली आहे, आमच्याकडेच येईल. मला आज सुट्टी आहे.” आणि तिनं संजीवनीच्या हातातली बाजरीची पिशवी सरळ काढूनच घेतली.

आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझी कॉट. संजीवनी अंघोळ करून आली तेव्हा मम्मीनं तिचे केस पुसले, माझे पुसते तशी, खसाखसा. पप्पांनी तिला विचारलं, “भाजीत तिखट चालतं का?” ती म्हणाली, “आमच्याकडं भाजीत तिखट नाय, तिखटात भाजी असती.” पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. जेवताना पप्पांनी तिला आजोबांची नक्कल करायला लावली. ती आधी लाजली, मग केली. मम्मी “अरे देवा, माफ कर” म्हणत पदरात तोंड लपवून हसत होती.

सकाळी आम्ही दोघी नळावर दात घासत होतो. मी तिला विचारलं, “तुला कोयत्यावर जायला आवडतं?”

“येडी हाय का?”

“मग वडील का नेतात?”

तिनं चूळ भरली. “मला न्यायची हौस नाय त्यांना. वस्तीवर मागं कोन नाय. एकटी पोर ठेवायची कुठं, म्हनून नेत्यात. कुठं ठेवता आली तर कशाला नेतील?”

“आणि तू? इथे, आमच्याकडे... राहिली असतीस?”

तिनं ब्रश धुऊन झटकला.

“मला कोनी इचारलंच नाय की,” ती म्हणाली. “तवा देवळात समदे एवढं बोलले. आमी मागंच बसलो होतो. इचारलं असतं तर हो म्हनले असते.”

फाटकाशी मोटारसायकल थांबली. तिचे वडील. धुळीनं माखलेले, डोक्याला गमछा, दारात येऊन ते आत यायला संकोचत होते. “चल गं, आवर लवकर. ट्रक थांबलाय.” संजीवनी आत गेली, ब्लँकेटची घडी घालायला. घडी नीट बसत नव्हती. ती मोडून ती पुन्हा घालायला लागली.

मी स्वयंपाकघरात गेले. पप्पा चहा गाळत होते. मम्मी संजीवनीसाठी चटणी बांधून देत होती. तिचे डोळे ओले होते. मला ते बघून पुन्हा तसंच वाटायला लागलं, देवळातल्यासारखं. सगळे चांगले, सगळ्यांना वाईट वाटतंय, सगळे काही ना काही देताहेत, आणि ती तर निघालीच आहे.

“मम्मी, चटणी बांधू नकोस.”

“का गं?”

हेही मी पूर्वी हजेरीला पुटपुटायचे तसंच पुटपुटले होते. कप मिळवणारी मी! स्टेजवर तीनशे पोरांपुढे बोललेली! गॅस बंद केला, तेवढाच वेळ मिळाला.

“पप्पा, मम्मी, ऐका. संजीवनी जाणार नाही. ती आपल्याकडे राहणार, दहावीपर्यंत. कॉट मोठी आहे, आम्ही दोघी मावतो, काल मावलो. मम्मी, तुझी नाइट असली की पप्पा घरात असतात, आणि पप्पा लाइनवर गेले की पारखे आजी झोपायला येतील. मी त्यांना सांगेन. तिला मी विचारलंय. मी तुमची परवानगी मागत नाहीये, मी तुम्हाला सांगतेय. तिच्या वडिलांशी बोलायला मी पुढे जाते. तुम्ही दोघं चहा घेऊन मागून या.”